मामाचा डोळा आणि उर्वशीचे दात

उर्वशी हसली की सुचिता आधी चहूकडे पाहायची आणि मग डोळ्यांनीच पोरीला दटावायची, तोंड मीट! नऊ वर्षांच्या लेकराचे वरच्या पटाशीच्या दातांशेजारचे दोन दात बारीक आणि टोकदार आले होते, एवढाच काय तो तिचा गुन्हा. पण सावरगावहून सुचिताची आई देवकाबाई आली, नातीचं तोंड पाहिलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय, हे खिळ्यावानी दात मामाले खातेत!"

आणि त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकायच्या जत्रेत, मामाच्या म्हणजे अक्षयच्या डाव्या डोळ्यावर गोटा बसला. नागपूरला नेलं, पण डोळा गेला तो गेलाच. जाम नदीच्या दोन्ही काठांवर हजारो हातांत गोटे होते, तरी देवकाबाईला दोषी कोण सापडली? तिकडे सौंसरात शाळेत बसलेली नात! वा रे न्याय! सुचिता शिकलेली बाई, पण भावाच्या डोळ्यावरची पट्टी पाहून तिचीही मती फिरली.

भाऊबीजेला अक्षय आईला घेऊन सौंसरला बहिणीकडे यायचा होता. सकाळीच सुचितानं उर्वशीला मागच्या खोलीत बसवलं.

"मामा जाईपर्यंत बाहेर येऊ नको."

"काहून वो आई?"

"तुह्या दातापायी त्याचा डोळा गेला. आता दुसरा तरी राहू दे."

सुचिता बोलून गेली. पोरगी बापाच्या अवजारांच्या पेटीशेजारी जाऊन बसली.

पाटावर बसलेल्या अक्षयला टिळा लावून सुचिता ओवाळत होती, तेवढ्यात मागून किंकाळी आली. ताट तिथंच टाकून ती धावली. उर्वशीच्या फ्रॉकवर रक्त, हातात बापाची पक्कड आणि फरशीवर दाताचा तुकडा!

"आई, एकच तुटला," ती हुंदके देत म्हणाली. "दुसरा तू काढ."

आई, आजी, मामा, सगळेच पोरीला घेऊन धावले. सण असूनही दातांच्या डॉक्टर अपर्णाबाईंनी दवाखाना उघडला. पोरीची जखम धुऊन, दुखणं थांबायला सुई देऊन त्या बाहेर आल्या. झाला प्रकार ऐकला, तेव्हा त्यांचा आवाज चढला.

"अहो ताई, कोणाचे दात लहान असतात, कोणाचे मोठे, कोणाचे टोकदार. जबड्यात दात घडतो तेव्हाच तो आकार ठरतो, आणि बरेचदा घराण्यातूनच येतो. दाताच्या रंगाचा मसाला लावून मी एका बैठकीत नीट आकार दिला असता! आता आतली नस उघडी पडली आहे. दात वाचेल की नाही, सांगता येत नाही. तुमच्या घरात आणखी कोणाला आहे असा दात?"

अक्षयनं मिशी सारून ओठ वर उचलला. उजवीकडे तसाच बारीक, टोकदार दात!

"मलेबी आहे, डॉक्टर. मिशीखाली झाकून राहते." तो आईकडे वळला. "आई, तुहा भाऊ, रामाजीमामा, सत्तरीतबी संत्र्याच्या बगीच्यात हिंडून राहिला ना? त्याले काहून नाही खाल्लं म्या? पोट्टा होतो म्हणून माह्या दाताले कोणी बोललं नाही!"

देवकाबाईनं तोंडाला पदर लावला.

"गोटा माणसानं मारला, आई. म्याबी मारले. कोणाले लागले, ते पाहाले थांबलो नाही."

"आई, ते पक्कड पोरीच्या हाती आपणच देल्ली वो!" म्हणत सुचिता ढसाढसा रडली. मग आत गेली आणि तिनं लेकीला पोटाशी धरलं. "तुह्या दातानं काहीच झालं नाही, बेटा. आम्ही खोटं बोललो तुह्याशी. चुकलं आमचं!"

उर्वशीचा ओठ सुजला होता. तिनं हळूच विचारलं, "मग मामाले आता दिसते का दोन्ही डोळ्यानं?"

मंडळी, दाताचा आकार निसर्ग देतो, त्यात ना लेकराचा दोष, ना कोणाचा अपशकुन. आपल्या हातांनी घडलेल्या अनर्थाचं खापर लेकरांच्या तोंडावर फोडू नका. तुटलेल्या दाताला डॉक्टर काहीतरी करतील, पण आपण पापी आहोत हे एकदा लेकराच्या मनात रुजलं, तर ते उपटायला कुठला दवाखाना उघडा सापडणार आहे?