हिरवं गाव

देश तरुण आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तो नेमका कुठे तरुण आहे, हे नकाशावर दाखवायला आसावरीला मावळात पाठवलं होतं. नियम सोपा होता. कमावत्या वयाची माणसं जास्त निघाली तर गाव हिरवं, त्याला कौशल्य केंद्र. म्हातारी जास्त निघाली तर गाव तपकिरी, त्याला आठवड्यातून एकदा डॉक्टरची गाडी.

कामशेतपलीकडचं हे गाव गडद हिरवं निघालं. दोन दिवसांत आसावरीला तिथे पन्नाशीच्या आतला एकच माणूस दिसला होता. तो गॅसचं सिलिंडर उतरवून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी ती झुंबरबाईंच्या ओट्यावर बसली. झुंबरबाईंचे गुडघे सुजलेले, दवाखाना कामशेतला आणि एसटीची पायरी चढवत नाही. गाडीची गरज त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. तरी घरात माणसं किती, तर सहा. मुलगा कैलास, सून, तीन नातवंडं, सगळे इथलेच. कैलास तळेगावला कंपनीत आहे, तिथे फ्लॅट आहे, पण तो आपला कामापुरता. किती वर्षं झाली? अकरा.

साऱ्या गावाने असंच सांगितलं होतं. मुलगा इथे राहत नाही म्हणणं म्हणजे तो वेगळा निघाला हे चारचौघांत कबूल करणं. कैलास तळेगावच्या यादीतही होताच. त्यामुळे देश होता त्याहून बराच तरुण दिसत होता.

आसावरीने नियम पुन्हा समजावला. केंद्रात वेल्डिंग शिकवतील म्हणाली. ते बसून करता येतं का, असं झुंबरबाईंनी विचारलं.

आसावरीने टॅब बाजूला ठेवला. “मावशी, काल भाकरी किती केल्या?”

झुंबरबाई गुडघा चोळत राहिल्या. “दोन. एक कुत्र्याला.”

आसावरीने टॅब पुन्हा मांडीवर घेतला.

“लिवा एकच माणूस,” शेवटी त्या म्हणाल्या. “पर त्यो येगळा न्हाई निघाला. त्ये बी तितं लिवा.”

तशी जागा टॅबवर नव्हती. आसावरीने ते शेऱ्यात लिहिलं. मग ती पुन्हा घरोघर फिरली आणि माणसांऐवजी भाकरी विचारत गेली. दोन दिवसांत गाव तपकिरी झालं.

गाडी आता मंगळवारी येते. पहिल्या मंगळवारी डॉक्टरांनी गुडघे तपासले, गोळ्या दिल्या आणि केसपेपर भरता भरता घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं.

“सा जणं हाईत,” झुंबरबाई म्हणाल्या.