फेटा असताना बोलायचं नाही

रंगुबाईनं भाकरी थापता थापता हात हलका केला. बाहेर सोप्यात तिचा मुलगा बिरदेव बोलायला लागला होता, आणि त्याच्या डोक्याला लाल फेटा होता. फेटा असला की लाईव्ह चालू आहे असं समजायचं आणि घरात आवाज करायचा नाही, हा त्यानंच घालून दिलेला नियम. मिक्सर नाही, कुकर नाही, पोरीचं रडणं नाही.

हलक्या हातानं थापलेली भाकरी काही केल्या फुगत नाही. वर्षभर या घरातली माणसं पापडासारख्या भाकऱ्या खात होती. कुरकुर करायची सोय नव्हती, कारण कुरकुरीचाही आवाज होतो.

सुरुवातीला तसं वाईट काही नव्हतं. कवठे महांकाळच्या माळावर बिरदेवनं मेंढी विताना फोनवर दाखवली आणि कुठकुठची माणसं बघायला आली. काय करू आणि काय नको असं त्याला झालं. मग रोजच दाखवणं सुरू झालं, मग दिवसातून दोनदा, तीनदा. बघणारी माणसं घटली की त्याचं जेवण तुटायचं. एकदा तर लाडकी मेंढी मेली म्हणून तो फोनपुढं हमसून हमसून रडला. मेंढी मागं परड्यात बाभळीच्या शेंगा खात उभी होती! त्या दिवसापासून त्याच्या रडण्याचं त्याच्या बायकोला, स्वप्नालीला, काही वाटेनासं झालं. रंगुबाईनं लेकाला समजावून पाहिलं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी.

आता तो स्वयंपाकघराकडं पाठ करून बसला होता.

“मला झोप लागत न्हाई,” तो म्हणाला. “लय दिस झालं.”

आत प्रांजल बापाला काहीतरी विचारणार, तोच स्वप्नालीनं लेकीच्या तोंडावर हात ठेवला.

“डोळं मिटलं की आकडा दिसतोय. माणसं कमी कमी हुत्यात. मग छातीत धडधडाय लागतंय.”

स्वप्नालीनं सासूकडं बघून ओठ मुरडले. मेंढी झाली, आता स्वतःची पाळी. रंगुबाईला हसू आलं नाही. पण नियम तो नियम. तिनं भाकरी उचलून तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“जीव नकोसा झालाय बघ,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “आई.”

लाईव्हमध्ये तो तिला ‘आमच्या मातोश्री’ म्हणायचा. रंगुबाईनं मान वर केली. आतच, मिठाच्या बरणीमागं, बिरदेवचा फोन पडलेला होता. त्याचा पडदा काळा होता. त्यानं तो कधी आणून तिथं बंद करून ठेवला, दोघींनाही कळलं नव्हतं. सकाळी बांधलेला फेटा तेवढा काढायचा राहिला होता.

तव्यात भाकरी करपायला लागली. रंगुबाई पिठाच्या हातानं तशीच बाहेर गेली आणि लेकापुढं बसली. त्याचा उजवा अंगठा रिकाम्या मांडीवर खालून वर, खालून वर सरकत होता. तिनं तो हात धरला.

“बोल. ऐकतीया मी.”

“कवापासनं?”

तिला खोटं सांगता आलं असतं.

“पयल्यापासनं.”

“मग?”

तूच आमाला गप बसवलंस की रं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं ते गिळलं. आपण ऐकत होतो आणि भाकरी थापत होतो, याची तिला लाज वाटली आणि डोळे भरून आले.

“उद्या सांगलीला जाऊ,” ती म्हणाली. “असल्याचं डाक्टर असत्यात तिथं. तुझ्या नाथाजीमामाला संगं घिऊ.”

“लोकं काय म्हणतील?”

“कंची लोकं? फोनातली का गावातली?”

“दोनीबी.”

“म्हणू देत.”

स्वप्नाली दारात येऊन उभी होती. तिनं पुढं होऊन नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी अलगद उचलला. खाली त्याचे केस घामानं चिकटले होते. ते तिनं पदरानं पुसले आणि ती आत गेली. करपलेली भाकरी बाजूला ठेवून तिनं नवा गोळा काठवटीत घेतला आणि थापायला लागली. धपाधप, चांगल्या मोकळ्या हातानं.

बिरदेव दचकून मागं वळला. सवयीनं त्याचं बोट ओठांपाशी गेलं आणि तिथंच थांबलं. त्यानं हात खाली घेतला. मग त्या आवाजातनं आईला नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं तो पुढचं सांगायला लागला.