तीनदा चमचा

टक्, टक्, टक्. चमचा बशीच्या काठावर तीनदा वाजला, आणि इतका वेळ स्वयंपाकघरात साचलेली शांतता मोडली.

"छान झालाय केक," आई म्हणाली. "गोडी नेमकी. संत्र्याचा आंबटपणा मागून येतोय, तोही हवाच."

ओट्याला टेकून उभ्या असलेल्या लेकीने रोखलेला श्वास सोडला.

चमचा वाजवला होता मुंगीने, तिच्या मुलीने. पाच वर्षांची ही पोर सदा साखरेच्या डब्याभोवती घोटाळायची, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. आजीच्या शेजारची खुर्ची मुंगीची, आजीच्या बशीतला पहिला घास मुंगीचा, आणि घास गिळला की बशीवर चमचा वाजवायचा ही खोड तिने थेट आजोबांकडून उचललेली. आजोबांना जाऊन सहा महिने झाले होते. खोड तेवढी घरात राहिली होती.

"उद्या त्या कॅफेवाल्या बाई किती वाजता येणार?" आईने विचारलं.

"दहाला. आवडला तर रोज दोन केक घेईन म्हणाल्यात. रोज, आई!"

"आवडेल. तुझ्या हाताला चव आहे."

हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. कडेने करपलेला, मधे बसका असा तो केक होता. आईने एक घास खाल्ला, जरा थांबली, आणि म्हणाली, "असा केक मी जन्मात खाल्ला नाही. हाताला चव आहे हो पोरीच्या." त्याच वाक्याच्या जोरावर दोन वर्षांपूर्वी तिने ऑफिसातली बरी चाललेली नोकरी सोडली. नवरा म्हणाला होता, नीट विचार कर. तिने विचार केला नाही, आईला विचारलं. आजही घराबाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी आई चाखायची. दिवसभर लोणी आणि व्हॅनिला हुंगून तिची स्वतःची जीभ संध्याकाळपर्यंत बधीर होई. शिवाय आपल्या हाताची चव आपल्याला कळत नाही, असं तिचं ठाम मत होतं. बाबा होते तोवर त्यांना विचारलं तर ते हात झटकायचे. "मला काय कळतंय! मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. आईला विचार."

आणि गंमत अशी, की हीच आई स्वतः चुलीशी उभी राहिली की देवच वाली.

बाबा लांबच्या कारखान्यांत दुरुस्तीला गेले की आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस घरी नसत, आणि मग आईचे प्रयोग सुरू होत. "पिवळ्यात पिवळं," असं म्हणून तिने कांद्याच्या ऑम्लेटमध्ये पिकलेलं केळं कुस्करलं होतं. वाटाण्याच्या सूपमध्ये हिरवी द्राक्षं सोडली होती. फ्लॉवर दुधात साखर घालून शिजवला होता. बीट चिरून त्यावर स्ट्रॉबेरीचा जाम ओतला होता, आणि तो दिवस तर दादाच्या वाढदिवसाचा होता. दादाने या सगळ्यांची नावं ठेवली होती. बीट म्हणजे लाल दिवा, सूप म्हणजे हिरवा कंदील, आणि फ्लॉवर म्हणजे पांढरं निशाण, कारण त्यापुढे दोघांनीही शरणागती पत्करली होती. "रंग जुळला की चव जुळते," आई म्हणायची, आणि दोघं बहीणभाऊ पोट धरून हसायची. हसता हसता ताटंही संपायची.

बाबा परत आले की जेवण पुन्हा माणसांत यायचं. ते आईशेजारी बसायचे, कढईतला पहिला घास त्यांचा, आणि लगेच चमचा वाजायचा. कधी एकदा, कधी दोनदा. दादा जागेवरूनच ओरडायचा, "कोण आहे? दार उघडंच आहे!"

पुढे हे सगळं घराण्याचं भांडवल झालं. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचं, "ते पांढरं निशाण सांग ना," आणि ती कमरेला नॅपकिन खोचून, मान तिरकी करून, आईच्या आवाजात "पिवळ्यात पिवळं" म्हणायची. सगळे लोळायचे. डोळे पुसत आईही हसायची.

"आता हे," ती म्हणाली आणि क्रीमचं भांडं आईपुढे ठेवलं. "वरून लावायचं. पिठीसाखर जास्त झाली का तेवढं सांग."

"आई, शू!" मुंगी खुर्चीवरून घसरून पळाली.

आईने चमचा उचलला आणि तसाच धरला. "येऊ दे तिला."

"ती कशाला? क्रीम बसतंय खाली. सांग पटकन."

आईने एकदा बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. चमच्यावर क्रीम घेतलं, वरून पडू दिलं, त्याची चकाकी पाहिली. मग तोंडात घातलं. घोळवलं. आणि लेकीच्या तोंडाकडे बघितलं, परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघावं तसं.

"छान," ती म्हणाली. "गोडी नेमकी."

"जास्त नाही ना?"

"मुळीच नाही." हे पटवायला आईने आणखी एक चमचा भरून घेतला, आणि चेहऱ्याची रेघही न हलवता गिळला.

ओले हात फ्रॉकला पुसत मुंगी परत आली आणि तिने उभ्या उभ्याच भांड्यात बोट बुडवलं. बोट तोंडात गेलं. पुढच्या क्षणी तिचं नाक, डोळे, ओठ सगळं एका जागी गोळा झालं. तिने चमचा हिसकावला आणि बशीवर बडवायला सुरुवात केली. चार, पाच, सहा, सात. अशा वेळी किती वाजवायचं ते आजोबांनी तिला सांगितलंच नव्हतं.

"अगं, फुटेल बशी!"

"खारट आहे! नुसतं खारट!" मुंगी थुंकायला जागा शोधत होती. "आजी, मी नव्हते ना, मग तू कशाला सांगितलंस?"

आता तिने स्वतः भांडं ओढलं आणि क्रीम चाटलं. समुद्र होता नुसता. ओट्यावरच्या दोन सारख्या बरण्यांकडे तिची नजर गेली. काल नवी लेबलं चिकटवायचं काम मुंगीला दिलं होतं, आणि मुंगीला अजून नीट वाचता येत नव्हतं. पिठीसाखरेच्या जागी बारीक मीठ. हे सगळं एका दमात कळलं. पण ती चूक तिच्या मनात टिकलीच नाही.

"तू दोन चमचे खाल्लेस," ती आईला म्हणाली.

आई टेबलावरचा सांडलेला थेंब बोटाने पुसत होती.

"आई."

"'मी नव्हते' असं म्हणत होतीस," ती मुंगीकडे वळली. "म्हणजे काय?"

मुंगीने आजीकडे बघितलं. मग ओठ घट्ट मिटले.

"सांग तिला," आजी म्हणाली. "आता काय उरलंय!"

"एकदा म्हणजे कमी," मुंगी बोटांवर मोजत सांगू लागली. "दोनदा म्हणजे जास्त. तीनदा म्हणजे जमलंय. आजोबा म्हणाले, मी नसलो की हे तुझं काम. पण कुणाला सांगायचं नाही. आईला तर नाहीच नाही."

फ्रीजची घरघर थांबली. तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"कधीपासून?"

"तू दीड वर्षाची होतीस. मोठा ताप आला होता मला. ताप गेला, आणि जाताना वास नि चव घेऊन गेला." आई भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "डॉक्टर म्हणाले, येईल परत. नाही आली. मग डोळ्यांनीच रांधायचं. रंग बघायचा, कढईचा आवाज ऐकायचा. तुझे बाबा असले की ते वाजवायचे. नसले की..."

"की पिवळ्यात पिवळं."

"हो."

कमरेला खोचलेला नॅपकिन एकाएकी तिच्या हाताला लागला. तिने तो ओढून काढला. कितीदा, किती लोकांपुढे!

"मी नकला करत होते तुझ्या. आणि तू बसून ऐकत होतीस."

"हसत होता तुम्ही. हसता हसता जेवत होता. मला तेवढं पुरे होतं."

"दादाला माहीत आहे?"

आईने मुंगीने टाकलेला चमचा बशीत सरळ ठेवला.

"आई, दादाला माहीत आहे?"

"दूध करपत होतं आणि मी शेजारी उभी होते. बारा वर्षांचा असेल. त्याने विचारलं, मी सांगितलं." आईने मान वर केली. "तू कधी विचारलंच नाहीस गं."

म्हणजे तोही. लाल दिव्याची गोष्ट सांग म्हणून सगळ्यात आधी ओरडणारा. आणि बाबा. आणि आता ही टीचभर पोर, तिच्याच पोटची. एवढ्याशा घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून तिला तेवढं बाहेर ठेवलं होतं, तेही मधोमध बसवून.

"आणि माझा केक?" तिचा आवाज बारीक झाला. "तो पहिला. असा केक जन्मात खाल्ला नाही म्हणालीस."

"खोटं नव्हतं ते," आई म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. एरवी या वाक्यावर घर हसलं असतं. आज कुणी हसलं नाही.

"नोकरी सोडली मी. तुझ्या जिभेवर."

"त्यांच्या," आई म्हणाली. "जीभ त्यांची होती. त्यांनी कधी उगाच तीनदा वाजवलं नाही. लिंबाचा केक आठवतो? पाच वेळा करायला लावला तुला. मी नाही, त्यांनी."

तिला आठवलं. पाचव्यांदा ती रडकुंडीला आली होती. आईने अखेर होकार दिला तेव्हा ती आईच्या गळ्यात पडली होती, आणि बाबा शेजारी बसून बशीतला उरलेला तुकडा चमच्याने गोळा करत होते. "मला काय कळतंय!" त्यांना तिने कधी आपणहून बशी दिली नव्हती. ते नेहमी आईच्या बशीतलंच खात.

ती ओट्याकडे वळली. खारट क्रीम सिंकमध्ये ओतलं, भांडं घासलं. बरण्यांवरची लेबलं नखाने खरवडून काढली. दुसरं क्रीम घुसळायला घेतलं. मागे आई म्हणाली, "रागाव, पण बोल काहीतरी." ती घुसळत राहिली. क्रीमचे शेंडे उभे राहिले. त्यातलं थोडं तिने बोटावर घेतलं, तोंडाशी नेलं, आणि तसंच नळाखाली धुऊन टाकलं.

मग तिने भांडं टेबलावर ठेवलं. आईपुढे नाही, मुंगीपुढेही नाही. मधे कुठेतरी.

आईचे हात मांडीवरच राहिले. तिने चमचा घेतला नाही.

मुंगीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. गुडघ्यांवर उभी राहून तिने चमच्याच्या टोकावर क्रीम घेतलं, आजोबांसारखे डोळे मिटून खाल्लं, आणि बशीवर चमचा उगारला. तो हवेतच थांबला.

"आई," तिने विचारलं, "आता कुणासाठी वाजवू?"