वरचा बोल्ट

सोमवारी सकाळी मला कामावर हजर व्हायचं होतं. दूरच्या गावात एक मोठं स्वयंपाकघर आहे, तिथून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरोघरी जेवण पोचवायचं. पगार बरा, राहायला एक खोली, आणि अट एकच: बाईकडे स्वतःची गाडी पाहिजे. गाडी माझ्याकडे होती. जुनी, पण माझ्या नावावरची. डाव्या गुडघ्यानं दगा दिला तेव्हापासून क्लच दाबवत नाही, म्हणून गिअर आपोआप पडणारी घेतलेली.

पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसऱ्यांदा कोण बोलावतंय? ही नोकरी गेली की विषय संपला. हे मला माहीत होतं. माझ्या नवऱ्यालाही.

नवरा मेकॅनिक. होता, म्हणायला पाहिजे. मालकानं गॅरेजची जागा विकली आणि हा घरी आला, तो आलाच. रिकाम्या मेकॅनिकसारखा ताप नाही घरात. जे चालतं ते उघडतो. मिक्सर उघडला, नळ उघडला, दाराचं कुलूप उघडलं, आता आम्ही कडीवर भागवतो. पण गाडीचं तसं नाही. गाडीला याचा हात लागला की ती सुधारतेच. उगाच खोटं कशाला बोलू?

रविवारी सकाळी म्हणाला, "एवढ्या लांब निघालीस. गिअरचं तेल बदलून देतो. जळकट वास मारतंय."

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी त्याला दुसरा चहा दिला.

घरामागच्या शेडमध्ये त्यानं गाडी चार लोखंडी स्टँडवर चढवली आणि पाठीवर झोपून आत शिरला. समोरचे डायवरकाका बादली पालथी घालून बसायला आलेच. आयुष्यभर बस चालवली, आता बसून दुसऱ्यांना चालवतात. मी आत माझे कपडे भरत होते.

डब्याची पिशवी ठेवायला शेडमध्ये गेले तर काका मांडीवर थाप मारून हसत होते.

"वहिनी, या, बघा तुमच्या उस्तादाची करामत! आधी खालचं भोक उघडून सगळं तेल सोडलं, आणि आता वरचा बोल्ट निघेना. भरणार कुठून? डोक्यातून?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"अहो, तेल भरायचा बोल्ट वेगळा असतो, वर, बाजूला. तो सुटतोय का ते आधी बघायचं, मगच खालचा सोडायचा. नाहीतर गाडी कोरडी, आणि कोरडी गाडी चालवली की गिअरबॉक्सची राख. अरे उस्ताद, याच चुकीवरून पोरांना गॅरेजभर पळवायचास ना रे तू?"

नवरा खालून बाहेर आला. "घसरला," म्हणाला. "कडा गेल्या. गोल झालाय."

"मग तेल मोजायच्या कांडीच्या नळीतून ओत."

"या गाडीला कांडी नाही."

पातेल्यात काळं तेल साचलं होतं. हे तेल नवं असताना लाल असतं म्हणे. आमचं करपलेल्या दुधासारखं वास मारत होतं. नवरा एकेक बोट पुसत होता, सावकाश, जेवायला बसायच्या आधी पुसावं तसं.

आणि तिथंच मला कळलं.

बोल्ट घसरला की माझा नवरा शिव्या देतो. आधी बोल्टला, मग तो ज्यानं आवळला त्याला, मग त्याच्या आईला, मग त्याला परवाना देणाऱ्या सरकारला. पाना फेकतो. एकदा फेकलेला पाना शेजारणीच्या वाळवणात सापडला होता. आणि आज माझी उद्याची नोकरी त्या बोल्टवर अडकलेली, आणि हा गप्प.

"काका, तुम्ही घरी जा," मी म्हटलं.

"अहो, चहा..."

"घरी प्या."

काका गेले. मी नवऱ्यासमोर उभी राहिले.

"शिवी कुठाय?"

"काय?"

"बोल्ट घसरला ना? मग शिवी कुठाय तुमची?"

त्यानं फडक्याची घडी घातली. "दरवेळी काय शिव्या द्यायच्या."

"मुद्दाम केलंत."

"खोली केवढी आहे तिथं?" त्यानं विचारलं.

"एका माणसाची."

"दोघांची मिळेल का, विचारलंस?"

"नाही."

"विचारणार होतीस?"

"नाही."

"मग घसरला," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातला पाना हिसकावला आणि झोपले गाडीखाली. गुडघा ओरडत होता, ओरडू दे. बोल्ट दिसला. कडा झिजून जुन्या नाण्यासारखा झालेला. मोठ्या पान्यानं धरला, पाना निसटला. पुन्हा धरला, हाताची साल निघाली. त्या दिवशीच्या सगळ्या शिव्या मग मीच दिल्या. नवरा वाकला आणि बॅटरीचा उजेड नेमका बोल्टवर पाडला. सवय, दुसरं काय.

"मुळाशी धर," म्हणाला. "टोकाला धरून नाही फिरणार."

"तू बोलू नकोस!"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्याला तू म्हटलं. त्यानं उजेड हलू दिला नाही.

बोल्ट निघाला नाही. ओळखीच्या दोन गॅरेजना फोन लावले, रविवार, बंद. मग नोकरी देणाऱ्या त्या स्वयंपाकघरातल्या बाईंना लावला. त्या वाईट नव्हत्या, तेच वाईट. म्हणाल्या, "ताई, म्हातारी माणसं दुपारी उपाशी राहतील हो. गाडी नसेल तर मला आजच दुसरीला सांगावं लागेल." मी म्हटलं, सांगा. दुसरं काय म्हणणार? गिअरबॉक्सचं दुखणं त्यांच्या गळ्यात बांधू?

रात्री जेवलो. त्यानं मीठ मागितलं, मी दिलं. नवराबायकोचं भांडण आदळआपट असते तोवर बरं असतं.

सोमवारी त्यानं बोल्टला ड्रिल मारलं आणि अर्ध्या तासात काढला. नवा बोल्ट खिशातच होता. कधी आणून ठेवला, मी विचारलं नाही. पंप लावून लालभडक तेल भरलं आणि मला हाक मारली. हे काम एकट्याचं नाही. एकानं गाडीत बसून गिअर टाकायचे, दुसऱ्यानं चालू गाडीखाली झोपून तेलाची पातळी बघायची.

मी बसले. तो खाली गेला. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते, एका मोज्याला भोक.

"ब्रेक दाबून ठेव. आता आर. थांब जरा. एन. आता डी."

मी डीवर टाकला. गिअर असा बसला की कळलंसुद्धा नाही. ना झटका, ना आवाज. घेतल्यापासून ही गाडी इतकी चांगली कधी चालली नव्हती.

"बघ!" खालून त्याचा आवाज आला, खूश. खरंच खूश. "लोण्यासारखी! आता पाच वर्षं बघायला नको. कुठंही जा."

"कुठं?" मी विचारलं.

खाली जास्तीचं तेल पातेल्यात थेंब थेंब पडत होतं. माझा पाय ब्रेकवर होता, आणि मी तो तिथं घट्ट ठेवला, कारण खाली माणूस होता.

"झालं," बोल्ट आवळून तो म्हणाला. "बंद कर."

मी बंद केली.