घट्ट होतो, पण बसलो नव्हतो

मित्रांनो, उभ्या गाडीच्या चाकाकडे कधी वाकून बघा. मधोमध पाच डोकी दिसतील. त्यांतलाच मी, एक जुना बोल्ट. आमच्याकडे सहसा कुणी बघत नाही, आणि बघायची वेळ येऊ नये यातच आमची धन्यता आहे.

साच्यात दबून मला आकार आला, भट्टीत तापून अंगात बळ आलं. अंगावर आटे पाडले गेले आणि डोक्याखालचा भाग गोल, गुळगुळीत केला गेला. ती माझी बैठक. आमच्या लोखंडी चाकाच्या भोकांना तशीच गोल खळगी होती. लेकराचं डोकं आईच्या ओंजळीत विसावावं, तसा मी तिच्यात विसावत असे.

गाडीची मालकीण डोंगरावरच्या दवाखान्यात परिचारिका होती. घाटाच्या वळणांवरून ती रोज जा-ये करी. तिचा नवरा शिंपी, घरीच शिवणयंत्रावर बसे. बायकोच्या गाडीला देखणी चाकं असावीत, ही त्याची फार दिवसांची हौस. एकदा त्याने मोडीत निघालेल्या दुसऱ्या मॉडेलची अलॉय चाकं आणली. भंगारवाला म्हणाला होता, "भोकं जुळली की चाक बसलंच समजा!" भोकं जुळली. बोल्ट मात्र आम्हीच राहिलो.

नव्या चाकाची बैठक नरसाळ्यासारखी उतरती होती. माझी गोलाई तिला केवळ एका बारीक कडेवर टेकली. शिंप्याने जोर लावून पाना फिरवला. मित्रांनो, मी घट्ट झालो, पण बसलो नाही. ओरडून सांगावंसं वाटलं. पण बोल्टाला कुठली वाचा?

थोड्याच दिवसांत ती म्हणाली, "अहो, पुढून डावीकडे टकटक वाजतंय."

"नवी चाकं आहेत. सवय होईल तुला."

"गिऱ्हाइकाने बाही टोचते म्हटलं, तर त्यालाही हेच सांगतोस का रे?" खिडकीतून सासूबाईंनी टोला हाणला.

हौसेने केलेल्या कामाला नावं ठेवलेली त्याला लागली. फुरंगटून त्याने आम्हाला आणखी आवळलं. माझं अंग ताणलं गेलं. टकटक दोन दिवस थांबली आणि पुन्हा सुरू झाली. त्याचा पडलेला चेहरा आठवून ती मात्र पुन्हा काही बोलली नाही.

सुटीच्या दिवशी ती नवरा आणि सासूबाई, दोघांना घेऊन घाटात निघाली. चढावर स्टिअरिंग थरथरू लागलं. तिने वेग उतरवत गाडी डोंगराच्या कडेला घेतली. "आधी आईंना उतरवा," एवढंच म्हणाली.

आमच्यातला एकजण वाटेतच गळून पडला होता. शिंप्याने पाना काढला, पण त्याची गरजच लागली नाही. मी त्याच्या नुसत्या बोटांनी फिरलो. तो मला हातात घेऊन बघत राहिला. माझ्या गोलाईवर तारेएवढी बारीक झिजलेली रेघ होती. तेवढ्याच टेकूवर ते चाक उभं होतं.

"तू रोज... याच चाकांवर?"

"रोज," ती म्हणाली.

खाली दरी होती. सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

गाडी ओढून नेली, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "चाक चांगलं, बोल्टही चांगला, पण हे एकमेकांचे नव्हेत. आटे, लांबी आणि बैठक, तिन्ही जुळली पाहिजेत. आखूड पडला तर पकड मिळत नाही, लांब झाला तर आतल्या भागाला घासतो." त्याने त्या चाकांच्या बैठकीचे आणि त्या गाडीला चालणारे बोल्ट बसवले.

आम्हाला घरी आणलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ठेव डब्यात. एवढं जाड लोखंड, कधीतरी कामी येईल."

"कामी येईल याचीच भीती वाटते, आई. हे ताणले गेलेत, आणि वरून कळत नाही." त्याने करवत घेतली आणि एकेकाच्या आट्यांवर आडवी चालवली. माझीही पाळी आली. मला दुःख झालं नाही. आता मी कुणाच्याच चाकात शिरू शकत नव्हतो. माझ्यावर विसंबून कुणी घाट चढणार नव्हतं.

मित्रांनो, चाकं बदलताना नुसती भोकं मोजू नका. बोल्टाची बैठकही बघा. आणि रोज गाडी चालवणारं माणूस "काहीतरी वाजतंय" म्हणालं, तर रुसू नका. आधी गाडी थांबवा.