खालचा समुद्र, वरची हवा

पृथ्वीवर पाऊस कुठे कोसळेल, ऊन कुठे रखरखेल आणि दुष्काळ कुणाच्या वाट्याला येईल, हे सगळं समुद्र आणि हवा यांच्या अखंड संवादातून ठरतं. हे सत्य मुळापासून उमगलेली दोन माणसं आमच्या हवामान संस्थेत होती. ती एकमेकांशी बोलत नव्हती.

समुद्र विभाग तळमजल्यावर, हवा विभाग त्याच्या डोक्यावर. खालच्या प्रमुखांना सगळे दर्यासाहेब म्हणत, वरच्यांना वारेसाहेब. दोघे नुसते सहकारी असते तर अबोला खपून गेला असता. पण दर्यासाहेबांची मुलगी वारेसाहेबांची सून. व्याह्यांचा अबोला साधा नसतो, त्याला दोन्ही घरांचा पाठिंबा असतो.

भांडण एसीचं. खाली संगणकांची खोली, कायम तापलेली. ती ऊब छतातून वर जायची. वर वारेसाहेब घामाघूम होऊन एसी वाढवायचे. एसीचं पाणी नळीतून ठिबकायचं ते नेमकं दर्यासाहेबांच्या खिडकीवर आणि तिथून टेबलावर. मग दर्यासाहेब खिडकी लावून घ्यायचे आणि संगणक आणखी तापायचे. समुद्राची ऊब वर जाते, तिचे ढग होतात, पाणी परत खाली येतं, हे चक्र दोघांनी जन्मभर अभ्यासलं होतं. स्वतःच्या इमारतीत मात्र दोघांनाही तो व्याह्यांचा खोडसाळपणा वाटे.

जिन्याच्या वळणावर एक लहानशी खोली होती. तिथे ही मुलगी उर्फ सून बसे. खालच्या संगणकात एक समुद्र, वरच्यात एक हवा आणि दोघांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम तिचा. समुद्राने सांगायचं, मी इथे तापलोय. हवेने सांगायचं, मग माझा वारा तिकडे वळला. वारा वळला की वरचं कोमट पाणी सरकतं, तळातलं गार पाणी वर येतं, की पुन्हा नवा निरोप. आधी पाणी की आधी वारा, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना.

तिला एकच गोष्ट हवी होती. महिनाअखेरीला संशोधनाची बोट भर समुद्रात निघणार होती, पाणी आणि हवा जिथे एकमेकांना टेकतात तिथली मोजमापं घ्यायला. इतकी वर्षं ज्या दोघांचे निरोप ती पोचवत होती, त्यांना प्रत्यक्ष भेटताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. जायचं तर दोन्ही विभागप्रमुखांचा होकार हवा. शिवाय नवरा रुग्णालयात नर्स, त्याच्या पाळ्या बदलत्या. तेव्हा त्यांच्या लेकीच्या, छोटीच्या दुपारी दोन्ही आजोबांनी वाटून घ्यायला हव्यात.

ती खाली गेली. "बाबा, मी जाऊ ना बोटीवर?"

"माझी कुठे ना आहे? पण आधी तुझ्या सासऱ्यांना विचार. त्यांचं हो आलं की माझं हो."

ती वर गेली. "अप्पा, जाऊ का मी?"

"अगं, जा की! पण आधी खाली विचारून ये. नाहीतर उद्या म्हणतील, पोरीला पाण्यात लोटली."

"ते म्हणतात, आधी तुम्ही."

"म्हणणारच! पाणी ठिबकलं तरी आधी मी, होकार द्यायचा तरी आधी मी!"

"बरं," ती एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. कारण कळवलं, घसा बसलाय.

नेमका त्याच दिवशी हंगामाचा अंदाज जाहीर करायचा होता आणि निरोप पोचवणारा प्रोग्रॅम तिच्याशिवाय बंद. खालच्या संगणकाचा पडदा म्हणाला, हवेची वाट पाहत आहे. वरचा म्हणाला, समुद्राची वाट पाहत आहे. माणसंही तेच करत होती. शेवटी दोघांनी बाणा दाखवला. समोरच्याचे कालचेच आकडे घेतले आणि आपापलं जग एकट्याने हाकलं. वारेसाहेबांच्या जगात कितीही बरसलं तरी खालचं पाणी निवेना, त्यामुळे एकाच जागी धो धो पाऊस, थांबायचं नाव नाही. दर्यासाहेबांच्या जगात वारा पडेना, त्यामुळे पाणी इतकं घुसळून निघालं की मासे स्वेटर मागायचे बाकी राहिले.

दुपारी दोघे कागद घेऊन तणतणत निघाले आणि जिन्याच्या वळणावर समोरासमोर आले.

"तुमचा वारा थांबतो का नाही?" दर्यासाहेब कडाडले.

"त्याला थांब म्हणणारं पाणी नको? तुमचं आपलं एवढ्या पावसातही कोमटच!"

"अहो, ते कालचं पाणी आहे."

"मग तो वाराही कालचाच."

दोघांनी एकदमच मान वळवली. बाजूला तिच्या खोलीला कुलूप होतं.

"घसा बसलाय म्हणे," वारेसाहेब म्हणाले.

"बसेल नाहीतर काय. लहानपणी भातुकली खेळतानासुद्धा दोन्ही बाजूंचं एकटीच बोलायची." दर्यासाहेबांनी कुलूप उगाच हलवून पाहिलं. "अजून तेच करते."

"माझं हो आहे," वारेसाहेब म्हणाले.

"आधी मी म्हणणार होतो."

"मग एकदम म्हणू."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघे जिन्याच्या दोन टोकांना उभे राहून आकडे ओरडत होते. अंदाज वेळेत गेला. घसे दोघांचेही गेले.

बोट निघाली. भर समुद्रात एका दुपारी ती कठड्याशी उभी होती. पाणी तेलासारखं निवांत, वर वाफाळलेली हवा, आणि दूरवर एक ढग मनोरा रचावा तसा चढत होता. तेवढ्यात उपग्रहाचा फोन वाजला. पलीकडे दोन्ही आजोबा होते, जिन्यावरच्या तिच्याच खोलीत, छोटीला चित्रं काढायला बसवून.

"काय दिसतंय गं?" दर्यासाहेबांनी विचारलं.

"बाबा, अप्पा, इथलं पाणी तापलंय, त्याच्यावर ढग उभा राहिलाय आणि आता, आत्ता, वारा त्याच्याकडे वळला! पाण्यावर शहारा आलाय. दोघं भेटताना बघतेय मी!"

पलीकडे दर्यासाहेब खाकरले.

"वा, वा. बरं, ऐक. तुझे सासरे इथे माझ्या शेजारीच बसलेत. त्यांना जरा सांगशील का, तेवढी एसीची नळी बाजूला घ्या म्हणावं."