निर्लेखित करावे काय?

संगणक घरोघर येऊन जमाना झाला, तरी तो बिघडला की आपली काय अवस्था होते, हे वाचकहो, तुम्हाला मी सांगायला नको. दुकानात न्यावा तर दुकानदार संगणक चालवणारी प्रणाली चोरीची भरून देतो आणि सोबत चार व्हायरस आहेर म्हणून पाठवतो. एखाद्या जाणत्याला विचारावं, तर तो आपल्याकडे असा बघतो, जणू आपण त्याच्या पायावर पाय दिला!

भंडाऱ्याचा मनिष असाच एक जाणता. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी आणि उरलेल्या वेळात 'मुक्त संगणक मंडळा'चा कर्ताधर्ता. लिनक्स ही कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, दुसऱ्याला द्यावी अशी प्रणाली. तिचा प्रसार करायचा, हा मंडळाचा उद्देश. प्रसार कसा? नवख्यानं मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही विचारलं की मनिषचं ठरलेलं उत्तर जायचं : 'आधी वाचा, मग विचारा.' त्याखाली बाकीच्यांच्या दात काढणाऱ्या बाहुल्या. विचारणारा मुकाट्यानं ग्रुप सोडून त्याच चोरीवाल्या दुकानात जायचा, आणि मनिष म्हणायचा, "लोकाईले फुकटचं भी पचत नाही."

लिनक्स बसवताना पडद्यावर येणाऱ्या प्रश्नांचं मराठी भाषांतरही यानंच केलं होतं. ज्याला जमेल त्यानं आपल्या भाषेत शब्द भरावेत, म्हणून ती जागा मोकळी ठेवलेली असते. यानं ती भरली, आणि वाचताना जिभेला गाठ पडावी असे शब्द शोधून शोधून भरली. बायको तृप्ती म्हणाली होती, "हे कोणाले समजंल?" त्यावर साहेबांचं उत्तर, "ज्याले समजत नाही, त्यानं शब्दकोश घ्यावा." उथळ पाण्याला खळखळाट फार, तो असा!

एका रविवारी मंडळानं मेळावा भरवला. ज्यांना लिनक्स बसवायचं त्यांनी आपला लॅपटॉप घेऊन यावं, अशी जाहिरात केली. दिघोरीहून एसटीनं रत्नाबाई आल्या. मनिषची ही सख्खी आत्या, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. लॅपटॉप दुपट्ट्यात गुंडाळून पिशवीत आणलेला.

"बाबू, हा लई हळू चालून राहिला. तुह्यं ते लिनक्स टाकून दे. पन पाह्य, याच्यात माह्ये गाने हायेत. धान रोवण्याचे, लग्नाचे. गावोगावच्या बायाईच्या आवाजात भरून ठेवले मी..."

"आत्या, एकेकाची घरची कहाणी आयकत बसलो, तं रात इथंच होईल," लॅपटॉपला लिनक्सचा पेनड्राइव्ह लावत मनिष चारचौघांत म्हणाला. "पडद्यावर मराठीत लिहून हाय. तू तं हेडमास्तरीन होती ना? वाच अन् दाब."

मंडळी हसली. रत्नाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा लावला. पडद्यावर लिहिलं होतं : 'चकतीवरील विद्यमान सामग्री निर्लेखित करून विभाजन करावे काय?' त्यांनी दोनदा वाचलं आणि 'होय' दाबलं. मनिष तोवर दुसऱ्या कुणाची तरी अक्कल काढण्यात गुंग होता.

काम झालं. पडदा झकास उजळला.

"बाबू, माह्ये गाने कुठी गेले?"

"पुसले गेले. तूच तं हो म्हटलं."

"मी कुठी म्हटलं? मी निर्लेखित कराले हो म्हटलं. आमच्या शाळेत मोडका बाक निर्लेखित होते, म्हणजे कागदावरून त्याचं नाव निघते. बाक तं दहा पावसाळे मागच्या व्हरांड्यातच पडून राह्यते!"

मनिष खो खो हसला. "अवं आत्या, इथं निर्लेखित म्हणजे पुसणं."

"मंग 'पुसू काय' असं लिहाले तुह्ये बोटं झिजत होते काय?"

हसणं थोडं कमी झालं. तरी गडी हेका सोडेना. "दुसरीकडे काढून ठेवाचं नाही काय? येवढं तं कोणाले भी समजते."

"नव्या मानसाले ते कोण सांगते? तेच तं तुह्यं काम होतं! मी सांगाले आली, तं तू माह्या तोंडावर हसला. पह्यलीतलं पोरगं 'क' गिरवाले येते, त्याले मी 'आधी वाच, मंग ये' म्हटलं असतं, तं तू आज इथं बसला असता काय?" मग त्या हळूच म्हणाल्या, "त्या गान्यात तुह्यी माय होती, मनिष."

मनिषनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"रुखमा जायच्या आदल्या वर्साले रोवण्याचं गानं म्हणत होती धानाच्या बांधीत. मी भरून घेतलं. तुले आयकवाले आणलं होतं आज. बोलूच कुठी देलं तू!"

अरेरे! ज्या शब्दावर हा मिरवत होता, त्याच शब्दानं याच्या आईचा आवाज पुसला होता, आणि तोही याच्याच मेळाव्यात! कुणीच हसलं नाही.

मनिषनं लॅपटॉप घरी नेला. पुसलेलं परत आणण्याचे जेवढे उपाय ठाऊक होते, तेवढे केले. एका लग्नगीताचा तुकडा निघाला, दुसऱ्या एका बाईचं खोकणं निघालं. आईचा आवाज निघाला नाही. तृप्ती शेजारी बसून होती. 'हे कोणाले समजंल?' हा तिचा जुना प्रश्न त्याला आता लागला.

पुढच्या आठवड्यात तो दिघोरीला गेला. आत्यासमोर बसून त्यानं आपलं भाषांतर उघडलं आणि नवं वाक्य वाचून दाखवलं : 'ही माहिती कायमस्वरूपी नष्ट होईल.'

"कायमस्वरूपी कायले? अजून तुह्या अंगातून साहेब निघाला नाही."

शेवटी वाक्य ठरलं : 'यातलं सगळं पुसलं जाईल. पुसलेलं परत मिळणार नाही. हवं ते दुसरीकडे काढून ठेवलं का?' खाली पहिलं बटण, 'थांबा, आधी काढून ठेवायचं आहे.' मग 'विभाजन' आलं, म्हणजे डिस्कचे भाग पाडणं. मनिष समजावू लागला, तशा रत्नाबाई म्हणाल्या, "म्हणजे धान उभा हाय त्या बांधीले हात लावाचा नाही, बाजूची पडीत बांधी घ्याची. असंच ना?" मनिषनं लिहिलं : 'जुनं तसंच ठेवून बाजूच्या मोकळ्या जागेत बसवायचं का?'

"आत्या, मायचं ते गानं तुले येते काय?"

"येते. पन गळा माहा राहील बाबू, तिचा नाही."

त्यांनी म्हटलं. मनिषनं ते भरून घेतलं, दोन ठिकाणी ठेवलं आणि तोंड फिरवून बसला.

आता मंडळाच्या मेळाव्यात कुणी लॅपटॉप ठेवला, की मनिष आधी विचारतो, "याच्यात तुमचं काय काय हाय?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतो. वाचकहो, फुकट वाटलेली वस्तू घेणाऱ्याला वापरता येईना, तर ती वाटलीच नाही, फक्त मिरवली. जाणतेपणाची शेखी मिरवणाऱ्यांनो, नवख्याला हसण्याआधी त्याचं बोलणं पुरतं ऐका आणि त्याला कळेल असं बोला! तुमच्या अवघड शब्दानं कुणाच्या तरी घरातलं काहीतरी कायमचं पुसलं जातं, आणि ते घर तुमचंच निघू शकतं.